साध्या मेणबत्त्यांची सजावट

आगमनकाळाच्या चार रविवारी चार मेणबत्त्या लावण्याच्या चालीचे मूळ जर्मनीतील हँबर्ग येथे आहे. योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३३ साली तेथे गरीब व निराश्रित मुलांसाठी आश्रम काढला. नाताळ कधी येणार, असे मुले सारखी विचारीत. म्हणून १८३९ मध्ये त्यांनी एका लाकडी चाकावर मेणबत्त्या मांडल्या : इतर दिवसांसाठी लहान तांबड्या, रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या. रोज एक अधिक पेटे, आणि मुलांना वाट पाहणे डोळ्यांनी मोजता येई. पुढे घरोघरी रविवारच्या चारच राहिल्या.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा पाठ घेताना मुलांकडून मेणबत्त्या सजवून घ्याव्यात. आधी योहान ८:१२ वाचावे. मोठ्या वर्गाने मत्तय २५ मधील दहा कुमारींचा दाखलाही वाचावा.

पांढऱ्या, जाड मेणबत्त्या आणाव्यात. बारीक मेणबत्तीवर सजावट टिकत नाही. नेच्याची लहान पाने चार-पाच दिवस जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवावीत. चमचा गरम पाण्यात बुडवून कोरडा पुसावा, पान मेणबत्तीवर धरून चमच्याच्या पाठीने हलकेच दाबावे. खालचे मेण मऊ होते व पान चिकटते. वरून वितळलेल्या पांढऱ्या मेणाचा पातळ हात ब्रशने द्यावा. पाने खालच्या भागातच लावावीत, कारण ज्योतीजवळचे पान पेट घेते. मेणबत्ती पानांपर्यंत जळत आली की विझवावी.

दुसरी रीत मुलांना अधिक आवडते. रंगीत मेणबत्त्यांचे तुकडे वितळवून तेल पुसलेल्या ताटलीत पातळ ओतावेत. मेण कोमट असतानाच सुरीने तारे, कबुतर, द्राक्षांचे घोस कापून मेणबत्तीवर दाबावेत. फार थंड झाले तर तुकडे पडतात. नुसता पाण्याचा रंग मेणावर धरत नाही. ब्रश साबणाच्या फेसात फिरवून पोस्टर रंग घेतला म्हणजे धरतो. चमकी मात्र नको. ती वातीजवळ जाते आणि दिसतेही बाजारी.

मेण वितळविणे हे शिक्षकाचेच काम. डबा कधीही थेट शेगडीवर ठेवू नये. पातेल्यातील गरम पाण्यात ठेवावा. मेणाने पेट घेतलाच तर शेगडी बंद करून झाकण घालावे, पाणी ओतू नये. जळते मेण उसळून अंगावर येते.

मुले एक हट्ट करतील : इतकी सुंदर मेणबत्ती लावायची नाही, जपून ठेवायची. येथे शिक्षकाने थोडे थांबावे. रागावू नये, पण पहिल्या रविवारी वर्गात एक मेणबत्ती पेटवावीच आणि ती लहान होत जाताना मुलांना पाहू द्यावे. हा पाठ बोलून होत नाही.

उरलेल्या मेणबत्त्या आजारपणामुळे उपासनेला येऊ न शकणाऱ्या सभासदांना, आणि ज्या घरात यंदा मृत्यू झाला त्या घरी, मुलांनी स्वतः न्याव्यात. सोबत काडेपेटी व खाली ठेवायला ताटली द्यावी, आणि पहिल्यांदा पेटवेपर्यंत तेथेच बसावे.