अनुमान आणि आरोप : इयत्ता पाचवीसाठी एक विचारपाठ

तर्कशास्त्र हा महाविद्यालयातील विषय होय, प्राथमिक शाळेशी त्याचा संबंध नाही, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः दूरच्या घरातून धूर निघताना पाहून "चूल पेटली" असे म्हणणारे मूल अनुमानच करीत असते. अनुमान करावयास त्याला शिकवावे लागत नाही. ते तपासावयास मात्र शिकवावे लागते.

आपल्याकडील न्यायशास्त्राने हेच उदाहरण घेतले आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त अनुमानवाक्याची पाच अंगे सांगितली आहेत. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे, हा हेतू. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच, हा उपनय. म्हणून तेथे अग्नी आहे, हे निगमन. ही नावे मुलांकडून घोकून घेऊ नयेत. सारा भार तिसऱ्या अंगावर आहे, एवढे शिक्षकाने ध्यानी ठेवावे. 'जेथे जेथे' हे शब्द खरे ठरले तरच अनुमान टिकते.

आता तेच वाक्य उलटे करावे. जेथे जेथे अग्नी तेथे तेथे धूर, हे खरे काय? मुले बहुधा "हो" म्हणतील. मग लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लालभडक लोखंडाची त्यांना आठवण द्यावी. शास्त्रकारांचेही उदाहरण तप्त लोहगोलाचेच आहे; आता खेडोपाडीही गॅसची शेगडी आलेली असल्याने दूर जावयाचेही कारण उरलेले नाही. धुरास अग्नीबरोबर ओले सरपणही लागते. एक विरोधी उदाहरण सापडताच सबंध नियम कोसळतो, ही गोष्ट येथे मुलांना जितकी चटकन उमगते तितकी व्याख्येने उमगत नाही.

पुढील भाग नाजूक आहे. एक कल्पित प्रसंग फळ्यावर मांडावा. खऱ्या मुलाचे नाव कदापि घेऊ नये. वर्गातील पेन हरवले. मधल्या सुटीत एक मुलगा वर्गात एकटाच होता. म्हणून त्यानेच ते घेतले. याचे तिसरे अंग मुलांनाच रचावयास सांगावे. ते असे होईल : जो जो वर्गात एकटा असतो, तो तो वस्तू उचलतो. मुले हसतील, कारण प्रत्येक जण केव्हा ना केव्हा एकटा राहिलेला असतो.

हा दोष हसण्यावारी नेण्याजोगा मात्र नव्हे. इंग्रज सरकारने १८७१ साली केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या मुळाशी अमक्या जमातीत जन्मला तो गुन्हेगार, असेच वाक्य होते. कायदा १९५२ साली रद्द झाला. ते वाक्य अद्याप बोलले जाते, आणि पारधी वस्तीवरून येणाऱ्या मुलास त्याची झळ वर्गातही लागू शकते.

एकाला शिक्षा झाली म्हणजे इतरांस वचक बसतो, असे कोणी म्हणेल. परिणामांवरून कृत्याची योग्यता ठरविणाऱ्या बेंथमचा याला आधार आहे, असे वरवर वाटते. माणसास केवळ साधन म्हणून वापरू नये, असे मानणारा कांट ते साफ नाकारील. परंतु बेंथमच्या हिशेबातही निरपराध मुलाचे दुःख आणि शाळेवरून उडालेला विश्वास धरावाच लागतो. शिवाय शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे.

हा पाठ एका तासिकेत उरकू नये. पहिल्या दिवशी धूर आणि अग्नी एवढेच पुरे. पेनाचा प्रसंग आठवड्यानंतर, वर्गात खरोखरीच काही हरवलेले नसताना घ्यावा.