ऋतुमान आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

वैशाखातील दुपारी निपाणीकडील एखादा रुग्ण शेतावरून परततो तो लटपटत्या पायांनी. डोळ्यांपुढे अंधारी येते. रोगाने पुन्हा उचल खाल्ली, या समजुतीने घरची मंडळी बेळगाव वा कोल्हापूरची वाट धरतात. तासाभराच्या गारव्याने मात्र दृष्टी पूर्ववत होते.

या विकारात शरीराची संरक्षक शक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणावर उलटते. वेष्टन निघालेल्या तारेप्रमाणे असा तंतू संदेश कसाबसा वाहून नेतो. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो अडखळतो. विल्हेल्म उहथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली याचे वर्णन केले. एके काळी रुग्णास ऊन पाण्यात बसवून निदान केले जात असे! या त्रासाने नवी इजा होत नाही. खरी उचल चोवीस तासांहून अधिक टिकते आणि तीवर वेळीच उपचार लागतात. हा भेद न कळल्यास एकीकडे स्टेरॉइडची अनावश्यक मात्रा दिली जाते, तर दुसरीकडे खरी उचल ‘उन्हाचा त्रास’ म्हणून अंगावर काढली जाते. दुसरी चूक अधिक घातक होय.

ऋतूंचा खऱ्या उचलीशीही संबंध आढळतो. ३० देशांतील ९,८११ रुग्णांच्या २०१४ मधील अभ्यासात उचलीचे प्रमाण वसंताच्या आरंभी सर्वाधिक व शरदात सर्वांत कमी दिसले. सूर्यप्रकाश व ‘ड’ जीवनसत्त्व यांच्याकडे त्यामुळे लक्ष वेधले गेले. तथापि या जीवनसत्त्वाच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात. बेळगावच्या पावसाळ्यात पडसे-खोकल्याची साथ आली, की उचलीचा धोका वाढतो. उन्हाळ्यात लघवीच्या घाईस भिऊन पाणी कमी पिणारे रुग्ण मूत्रमार्गाच्या संसर्गास बळी पडतात, आणि त्या तापाने जुनी लक्षणे डोके वर काढतात.

निपाणी ही तंबाखूची पेठ. तेथे हे सांगणे अवघड असले तरी विडी-सिगारेटच्या धुराने हा विकार जडण्याचा धोका वाढतो व जडलेला बळावतो, हे सिद्ध झाले आहे.

मंगळूर शहरातील पाहणीत लाखामागे सुमारे ८ रुग्ण आढळले. रुग्ण विरळ असल्याने गावात थट्टा वा संशय वाट्यास येतो. सकाळी चालणारा माणूस दुपारी काठी घेतो, हे लोकांना ढोंग वाटते. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यास सावलीत, वाऱ्याशी बसवावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या विकाराचा समावेश असून, तो केंद्रीय कायदा असल्याने सीमेच्या दोन्ही अंगांस लागू आहे.