विकत आणलेल्या शेळ्या आणि बुळकांडीचा रोग

बालाघाटाच्या हलक्या जमिनीवर पावसाने दगा दिला असता घरखर्चास हात देणारे जनावर म्हणजे शेळी होय. बीड जिल्ह्यात उस्मानाबादी जात विशेष आढळते. ती काटक असून पुष्कळदा जुळी करडे देते. परंतु परक्या कळपातील शेळी विकत आणून ती त्याच सायंकाळी आपल्या कळपात सोडण्याची जी रीत सर्रास पडली आहे, ती फार घातक आहे.

नेकनूरसारख्या बाजारात अनेक गावची जनावरे एकत्र येतात. दलाल रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरवितो. दात व कास पाहिली की सौदा पटतो. अंगात मुरत असलेला रोग मात्र दात पाहून समजत नाही. शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी, जिला पशुवैद्य पीपीआर म्हणतात, ती अशीच लपून येते. हा रोग १९४२ साली आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट येथे प्रथम वर्णिला गेला व आपल्या देशात १९८७ साली तामिळनाडूतील अरसूर गावी मेंढ्यांत आढळला. गाईम्हशींची बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे २०११ साली जाहीर झाले; तिची ही नातलग मात्र अद्याप आपल्या कळपांत वावरत आहे.

संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास बहुधा ४ ते ६ दिवस, क्वचित १४ दिवसही लागतात. म्हणजे बाजारात टवटवीत दिसलेली शेळी घरी आल्यावर आजारी पडते. प्रथम कडक ताप येतो. मग डोळ्यानाकांतून स्राव, हिरड्यांवर व जिभेवर व्रण, खोकला आणि हगवण अशी लक्षणे उमटतात. गाभण शेळ्या गाभडतात.

यास्तव नवे जनावर निदान २१ दिवस वेगळे ठेवावे. वेगळे म्हणजे त्याच गोठ्यातील दुसऱ्या खुंटीस नव्हे! शिंकेच्या तुषारांतूनही रोग पसरतो, म्हणून मळ्यातील दूरचे छप्पर निवडावे. गव्हाण व बादली निराळी असावी. राखणदार एकच असेल तर त्याने आधी जुन्या कळपाचे काम उरकावे, नंतर नव्याकडे जावे व परततेवेळी हातपाय साबणाने धुवावे. रोज सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, गुदद्वारात तापमापक लावून पाहावे. १०४ अंश फॅरनहाइटच्या वर पारा गेल्यास पशुवैद्यास बोलवावे. याच मुदतीत खरूज, गोचीड व जंत यांचाही बंदोबस्त उरकून घेता येतो.

लशीविषयी एक गैरसमज आढळतो. आणल्या दिवशी लस टोचली की निर्धास्त झालो, असे पुष्कळांस वाटते. परंतु प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन ते तीन आठवडे लागतात, आणि आधीच शरीरात शिरलेल्या रोगास लस आवरीत नाही. लस आपल्या जुन्या कळपास खरेदीच्या पुष्कळ आधी टोचलेली असावी. तिचा गुण तीन वर्षे टिकतो. ही लस जिवंत असल्याने बर्फातूनच आणावी लागते. उन्हात तापलेली लस टोचणे व्यर्थ होय.

रोग जडलाच तर त्या विषाणूवर खास औषध नाही. पशुवैद्य प्रतिजैविके देतात ती मागाहून होणाऱ्या फुप्फुसदाहासाठी. तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट द्रावणाने धुवावे, हिरड्यांस बोरोग्लिसरीन लावावे, कोवळा पाला द्यावा. हगवणीने आटलेले पाणी भरून काढण्यास मीठ-साखरेचे पाणी थोडेथोडे पाजावे; नळीने घाईघाईत ओतल्यास ते फुप्फुसात जाते.

आता एक अप्रिय गोष्ट. रोगी शेळी पुढच्या बाजारात खपवून पैसे सोडविणारे लोक आहेत. त्यात त्यांस शहाणपण वाटते. पण २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या कायद्याने असे जनावर बाजारात आणण्यास मनाई असून रोगाची वर्दी देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. मेलेले जनावर ओढ्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. आणि ज्याच्याकडून शेळी घेतली त्यासही तत्काळ निरोप धाडावा; त्याच दिवशी त्याच्याकडून आणखी कोणी शेळ्या नेल्या असतील, त्यांचे कळप अजून वाचू शकतात.