मानेवरचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे

मुलीची मान, काखा काळ्या आणि मखमलीसारख्या जाडसर झाल्या की आपण तिलाच रागावतो, घासून अंघोळ करायला लावतो. शाळेत हिणवतात ते वेगळेच. पण तो मळ नसतो. रक्तात इन्सुलिन फार वाढले की त्वचा अशी होते.

इन्सुलिन रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवते. पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की शरीर जास्त इन्सुलिन तयार करते. यालाच इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. बहुतेक वेळा कारण वाढलेले वजन असते. पण सडपातळ माणूसही सुटत नाही. आपल्या पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा बीएमआय २२.३, मात्र युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के!

फार थोड्या घरांत मात्र एकाच जनुकातला दोष याला कारण असतो. त्याचे दोन प्रकार आम्ही येथे सांगतो.

१) इन्सुलिन पेशीच्या ज्या 'कुलपा'त बसते, तेच सदोष असते. मुलगी बारीक, पण मान काळी, पाळी अनियमित, चेहऱ्यावर केस. याच दोषाचे तीव्र रूप बाळपणीच दिसते. त्यात दोष आई आणि वडील दोघांकडून येतो. म्हणून मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न केल्यास धोका वाढतो.

२) लिपोडिस्ट्रॉफी. वयात आल्यावर हातापायांची चरबी झडते, शिरा उठून दिसतात, चेहरा व मान मात्र भरते. चरबी साठायला योग्य जागा नसल्याने ती यकृतात व रक्तात जाते. ट्रायग्लिसराइड फार वाढून स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. याचा नेहमीचा प्रकार आईवडिलांपैकी एकाकडूनही येतो. प्रत्येक अपत्याला शक्यता निम्मी.

अशा काही रुग्णांना दिवसाला २०० युनिटांहून अधिक इन्सुलिन लागते. तेव्हा "पथ्य पाळत नाही" असा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे. हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे, आईचा दोषही नव्हे.

बारीक मुलीत ही लक्षणे दिसली तर उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, ट्रायग्लिसराइड तपासून घ्या आणि हार्मोनतज्ज्ञांना दाखवा. घरात आणखी कोणाला असे आहे का, तेही सांगा. जनुकचाचणी लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. मनाने इन्सुलिन बंद करू नका. आणि मुलीची मान घासणे आजच थांबवा.