चर्नी रोडच्या बागेतले गुरुजी



मुंबईच्या चर्नी रोड बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा पुस्तक घेऊन बसत असे. त्याच बागेत येणाऱ्या एका शिक्षकाने त्याला हेरले, त्याची विचारपूस केली, वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे आपले बाबासाहेब आणि ते शिक्षक म्हणजे कृष्णाजी अर्जुन केळुसकर. स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी भीमरावांच्या हाती ठेवले. आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना बाबासाहेबांनी या भेटीचा आवर्जून उल्लेख केला आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे कॉलेजचा खर्च सुभेदारांना झेपेना, तेव्हा केळुसकर गुरुजींनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

गुरुजी काही धनवान नव्हते. त्यांनी वेळ दिला, पुस्तक दिले आणि दार ठोठावले.

अशा माणसाला आपल्या धम्मात कल्याणमित्र म्हणतात. कल्याणमित्रता हा श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भाग आहे, असे आनंद म्हणाला, तेव्हा तथागतांनी त्याला दुरुस्त केले: अर्धा नव्हे, सगळेच. लहान राहुलला खोटे बोलण्याविषयी समजावताना तथागतांनी भांड्यात उरलेले घोटभर पाणी दाखवले, ते फेकले, मग भांडे पालथे घातले. समोर एकच मूल, आणि हाताशी असलेली वस्तू. हजारोंच्या सभेत हे साधत नाही.

आता माझी चूक सांगतो. आमच्या विहारात मी दर रविवारी नववीच्या एका मुलाला तासभर देत असे. पहिले दोन महिने मी नुसती भाषणे दिली. तो मान डोलवायचा. मग उत्तरपत्रिका तपासण्याच्या गडबडीत माझे दोन रविवार बुडाले आणि त्याने येणेच सोडले. त्याच्या घरी गेलो, तर आई म्हणाली, "सर, दोन्ही रविवारी तो अंधार पडेपर्यंत विहाराच्या पायरीवर बसून होता."

त्या दिवशी मी प्रथमच त्याचे ऐकले. त्याने शिष्यवृत्तीचा अर्जच भरला नव्हता. आपण बौद्ध झालो, आता सवलत गेली, असे घरच्यांनी ठरवून टाकले होते! १९९० च्या कायदादुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही या सवलती मिळतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. माझ्या वडिलांनाही अर्ज वाचता येत नसे; तरी मला विचारायचे सुचले नाही.

म्हणून ज्यांना हे काम करावेसे वाटते त्यांना सांगतो, एकच मूल घ्या. आईवडिलांना विचारून घ्या आणि विहारात, चारचौघांच्या नजरेसमोर बसा. वार ठरवा. येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी निरोप धाडा. पैसे देऊ नका, त्याने मूल मिंधे होते; अर्ज भरायला मात्र कचेरीपर्यंत सोबत जा. आणि आधी अर्धा तास त्याला बोलू द्या. मास्तर मंडळींना हेच सर्वांत जड जाते.

तो मुलगा पुन्हा येऊ लागला. पण पहिला महिनाभर मी दिसेपर्यंत तो रस्त्यापलीकडेच उभा राही.