चेन्नईच्या अंगणात खडीची बाग : पावसाआधीची कामे

भूमध्य समुद्राकाठच्या घरांसारखे खडी पसरलेले, सुवासिक झुडपांचे अंगण चेन्नईत नक्की जमते. मात्र तिथली झाडे आणण्यापेक्षा तिथली पद्धत उचलावी. मुख्य पाऊस दोन्हीकडे उन्हाळा सरल्यावर येतो, पण चेन्नईत तो फार जोराचा. वर्षाच्या सुमारे 1400 मिलिमीटरपैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. डिसेंबर 2015च्या पुरात शहराच्या काही भागांत एका दिवसात 300 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. म्हणून इथे खडीचे पहिले काम पाणी जिरवणे, शोभा त्यानंतर.

सप्टेंबर : खोदाई आणि निचरा

5 बाय 4 मीटरच्या अंगणावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 2000 लिटर पाणी जमते. ते कुठे जाणार, हे आधी ठरवा.

- अंगणाला घराच्या विरुद्ध दिशेने दर मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या.
- उताराच्या टोकाला, पायापासून दोन-तीन मीटर दूर शोषखड्डा घ्या. त्यात विटांचे तुकडे आणि गोटे भरा. तमिळनाडूत 2003पासून प्रत्येक इमारतीला पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. ती सोय आधीच असेल, तर उतार तिकडेच काढा.
- बेझंट नगरसारख्या किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत पाणी लवकर मुरते. चिकणमाती असेल, तर 15 सेंटिमीटर खोदून तळाला 40 मिलिमीटरची खडी 10 सेंटिमीटर दाबून बसवा.
- त्यावर पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाईल कापड अंथरा. प्लॅस्टिक नको, त्यावर पाणी साचते.
- वर 10 ते 20 मिलिमीटरची कोनदार खडी 5 सेंटिमीटर पसरा. 5 बाय 4 मीटरच्या अंगणाला या थरासाठी सुमारे एक घनमीटर, म्हणजे दीड टन खडी लागेल. गोल गोटे पायाखाली सरकतात. पांढरीशुभ्र खडी दुपारी डोळे दिपवते. तपकिरी किंवा गुलाबी ग्रॅनाइट बरा.

ऑक्टोबर : लागवड

लॅव्हेंडर इथल्या दमट हवेत कुजतो. ऑलिव्ह वाढेल, पण हिवाळ्याची थंडी न मिळाल्याने फळ धरणे अवघड. रोझमेरी वाळूमिश्रित मातीच्या कुंडीत, पावसाच्या आडोशाला ठेवावी.

त्याऐवजी सावलीसाठी चाफा, भिंतीवर बोगनवेल, कोपऱ्यात घायपात आणि कोरफड लावा. सुवासासाठी वाळा, गवती चहा, पानओवा. डाळिंब आणि अंजीर तर भूमध्य प्रदेशातही जुनेच. बोगनवेल आणि घायपात तिकडे अमेरिकेतूनच गेली, तेव्हा ती इथे लावण्यात संकोच नको. खोडाभोवती बोटभर जागा खडीविना सोडा.

वादळाचा इशारा मिळाला की हलक्या कुंड्या भिंतीलगत जमिनीवर ठेवा. कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

जानेवारी ते मे

पडलेली पाने दर आठवड्याला झाडून काढा. ती खडीत कुजली की माती बनते आणि तण उगवते. एप्रिल-मेमध्ये नवी लागवड टाळा, ऑक्टोबरमध्ये लावलेल्या झाडांना सकाळी मुळाशी पाणी द्या. बोअरचे पाणी खारट असेल, तर अधूनमधून साठवलेले पावसाचे पाणी भरपूर देऊन क्षार धुऊन काढा. खडी उन्हात तापते, म्हणून बसायची जागा चाफ्याच्या किंवा मांडवाच्या सावलीतच ठेवा.