तोंडातील न दुखणारा व्रण

शास्त्रभाग : १ करिंथ ६:१९-२०

आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे पौल करिंथ येथील मंडळीस शिकवितो. मंदिराची राखण दारापासून करावी लागते. आणि शरीराचे दार म्हणजे तोंड.

दारूविषयी आपण मुलांस सावध करितो; मिश्री, तंबाखू व सुपारी यांविषयी मात्र गप्प बसतो. “मी नुसती सुपारी खातो,” असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तंबाखूवाचून खाल्लेली सुपारीही कर्करोगास कारण होते, असे म्हटले आहे.

हा रोग आरंभी बहुधा दुखत नाही, म्हणूनच माणूस थांबून राहतो. पुढील खुणा ओळखाव्यात :

१. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण.
२. पांढरा किंवा लाल चट्टा.
३. गाठ, अथवा कारणावाचून रक्त येणे.
४. तोंड पूर्वीसारखे न उघडणे, तिखट न सोसणे.

महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर ओठ, गाल, हिरड्या, टाळू, जीभ व जिभेखालची जागा पाहावी. खूण दिसल्यास दंतवैद्याकडे किंवा सरकारी दवाखान्यात त्वरित जावे. रोग लवकर सापडल्यास बरा होण्याची आशा मोठी असते. प्रार्थना अवश्य करावी. पण तपासणी पुढे ढकलू नये.

शिक्षकांसाठी प्रश्न : वर्गातील मुले दुकानातून काय विकत घेऊन चघळतात? घरातील वडील माणसांस ही गोष्ट प्रीतीने कोण सांगेल?